पहिल्या तासातलं हसू: ‘पॅरासाइट’ पाहून एका घरात चार मतं का झाली

प्रश्न: आम्ही घरातल्या चौघांनी मिळून कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ पाहिला आणि जेवताना जोरदार वाद झाला. बाबा म्हणतात, त्या श्रीमंत पार्क कुटुंबाची चूक काय? पगार वेळेवर देत होते, कुणावर आवाजसुद्धा चढवत नव्हते. धाकट्या बहिणीच्या मते खरे परजीवी तेच. आईला शेवटचा खून अजून पटलेला नाही. ‘वासावरून कुणी माणूस मारतं का?’ हे तिचं चालूच आहे. मला मात्र त्या गरीब कुटुंबाचीच किळस आली, आणि किळस आली याची लाजही वाटते आहे. हा सिनेमा नक्की कुणाच्या बाजूचा आहे? आणि मी कोरड्या मनाची आहे का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला बोचतो आहे. नाही, तुम्ही कोरड्या मनाच्या नाही. पण ती किळस नेमकी कुठल्या क्षणी आली, हे शांतपणे आठवून पाहा. त्याकडे मी पुन्हा येईनच. आधी तुमच्या जेवणाच्या टेबलावर जे झालं ते का झालं, ते सांगते.

मी आमच्या गावात गेली सव्वीस वर्षं फिल्म सोसायटी चालवते. महिन्याला एक सिनेमा आणि नंतर तासभर चर्चा. ‘पॅरासाइट’ मी आतापर्यंत अकरा वेळा प्रेक्षकांबरोबर पाहिला आहे. कॉलेजच्या मुलांबरोबर, निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या मंडळात, शिक्षिकांच्या शिबिरात, एकदा एका सोसायटीच्या गच्चीवर चादरीचा पडदा लावून. चर्चा घ्यायची असते म्हणून माझं अर्धं लक्ष पडद्याकडे आणि अर्धं खुर्च्यांकडे असतं. लोक कुठे हसतात, कुठे खुर्ची करकरते, कुठे कुणी मोबाइल काढतं. अकराही वेळा एक गोष्ट सारखी घडली. पहिल्या तासात सगळे एकत्र हसले, आणि दिवे लागल्यावर प्रत्येकजण वेगळ्याच सिनेमाबद्दल बोलू लागला.

हे वेगळेपण अपघाताने आलेलं नाही. बाँग यांनी ते तसंच रचलं आहे, आणि त्याची किल्ली त्या पहिल्या तासातल्या हसण्यात आहे.

आठवा, सुरुवातीला आपण कुठे असतो. रस्त्याच्या पातळीवरची खिडकी, वाळत घातलेले मोजे, आणि कॅमेरा खाली उतरतो तो फुकटचं वाय-फाय शोधणाऱ्या की-वूवर. किम कुटुंबातले चौघं, बाप की-तेक, आई चुंग-सूक, की-वू आणि त्याची बहीण, मिळून पिझ्झ्याची खोकी घडी घालताहेत. रस्त्यावर धुराची फवारणी होते तर बाप म्हणतो खिडकी उघडीच ठेवा, घरातले किडे फुकटात मरतील. आपण हसतो, आणि हसता हसता त्यांच्या घरचे होतो. पुढे की-वू इंग्रजीचा मास्तर बनून पार्क यांच्या घरात शिरतो, बहीण की-जंग चित्रकलेची शिक्षिका बनते. दाराची घंटा वाजवण्याआधी ती आपली खोटी ओळख एका चालीवर गुणगुणून पाठ करते. ती चाल कोरियातल्या शाळकरी पोरांना पाठ असलेल्या दोकदो बेटाच्या गाण्याची. तिथे तर प्रेक्षक हमखास खूश होतात. पोरं हुशार आहेत, भाबडी श्रीमंत बाई फसते आहे, कुणाचं काय बिघडतंय?

मग येतो तो पीचचा प्रसंग. जुनी मोलकरीण मून-ग्वांग. त्या घराचा मूळ मालक असलेल्या वास्तुविशारदाच्या काळापासून तिथे कामाला. तिला पीचची भयंकर ॲलर्जी. की-जंग पीचवरची लव खरवडून काढते, ती मून-ग्वांगच्या अंगावर उडते, ड्रायव्हर झालेला बाप मालकिणीच्या कानात क्षयरोगाची शंका घालतो आणि शेवटी टिश्यूवर लाल सॉस टाकून रक्त दाखवतो. सुमारे पाच मिनिटांचा सलग प्रसंग, जंग जे-इल यांचं संगीत एखाद्या जुन्या राजदरबारी नाचासारखं, आणि यांग जिन-मो यांचं संकलन इतकं तालात की प्रेक्षागृहात लोक अक्षरशः टाळ्या वाजवतात. एका बाईची नोकरी आणि छप्पर जातंय यावर आपण टाळी दिलेली असते.

सिनेमा ही टाळी विसरत नाही. थोड्याच वेळाने, मुसळधार पावसात, दारावरची घंटा वाजते. सुजलेल्या चेहऱ्याने मून-ग्वांग उभी असते. तळघराच्याही खाली तिचा नवरा ग्यून-से चार वर्षांहून जास्त काळ सावकारांपासून लपून बसला आहे. त्या क्षणी प्रेक्षागृहात जी शांतता पसरते ती मला दर वेळी हातावर जाणवते. आपण ज्या विनोदावर हसलो त्याच्या खाली एक माणूस उपाशी होता. किम कुटुंबाने जसं पार्क कुटुंबाला फशी पाडलं, तसंच बाँग यांनी आपल्याला पाडलं. त्यांनी आपल्याला आधी कटात सामील करून घेतलं आणि मग हिशोब समोर ठेवला. तुमच्या घरातल्या चौघांची मतं त्या हिशोबापाशी फुटली आहेत. ज्याला तो जसा चुकवावासा वाटला, तसं त्याचं मत.

आता तुमच्या किळसेबद्दल. या सिनेमात दोन प्रकारची किळस येऊ शकते आणि ती एकमेकींत मिसळतात. पुराच्या रात्री संडासातून काळं पाणी उसळतं आणि की-जंग झाकणावर बसून सिगारेट पेटवते, तळघराची भिंत, झुरळं, तो वास... यापैकी एखाद्या ठिकाणी आली असेल, तर ती पार्क साहेबांच्या नाकाने आलेली किळस आहे. त्यात नवल नाही. सिनेमाने तासभर आपल्याला त्या चकचकीत घरात ठेवलं होतं, तिथल्या उन्हाची सवय लागली होती. पण चुंग-सूकने मून-ग्वांगला जिन्यावरून लाथ मारली, तिथे आली असेल, तर तुमची किळस त्या कृत्याची आहे, गरिबीची नाही. आणि ज्यांना आपण तासभर आपलं मानलं त्यांनी ते केलं, म्हणून ती इतकी आतून आली. परक्याच्या लाथेने एवढं पोटात तुटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही थोड्या थोड्या असतात, माझ्याही होत्या. लाज वाटली असेल तर पहिलीची वाटू द्या. दुसरीची लाज वाटण्याचं कारण नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट सबटायटलमध्ये हातातून निसटते, पण मराठी कानाला ती चटकन कळेल. पकडली गेल्यावर मून-ग्वांग चुंग-सूकला हात जोडते आणि ‘ऑन्नी’ म्हणते. कोरियनमध्ये बाईने मोठ्या बहिणीला मारायची हाक, आपली ‘ताई’. चुंग-सूक झिडकारते: मी तुझी बहीणबिहीण नाही. पाचच मिनिटांनी किम कुटुंब जिन्यावरून गडगडत खाली येतं, त्यांचं बिंग फुटतं, मून-ग्वांगच्या हातात मोबाइलवरचा व्हिडिओ असतो, आणि आता चुंग-सूक तिला ‘ऑन्नी’ म्हणून विनवते. आता मून-ग्वांग झिडकारते. एकाच घरात पाळीपाळीने राबलेल्या दोन बायका. दोघींनाही नात्याचा शब्द आठवतो तो फक्त खाली पडल्यावर. संपूर्ण सिनेमात मला सगळ्यात जास्त दुखतो तो हा अर्धा मिनिट. खून त्यामानाने लवकर विसरते.

म्हणूनच तुमच्या बहिणीचं मत मला अर्धंच पटतं. पार्क कुटुंब स्वतः भांडी घासू शकत नाही, गाडी चालवत नाही, दुसऱ्याच्या श्रमावर जगतं, त्या अर्थाने तेही परजीवीच, असं बाँग यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. तेव्हा ती चुकीचं बोलत नाही. पण एवढ्यावर थांबलं की मून-ग्वांग आणि ग्यून-से पुन्हा तळघरात गेले. सिनेमातली बहुतेक मारहाण दोन गरीब घरांमध्ये होते, आणि दोन्ही घरं एकाच कारणाने बुडाली आहेत. ग्यून-सेने तैवानी कॅस्टेला केकचं दुकान टाकलं आणि कर्जात गेला. की-तेकच्या बोलण्यातही तेच दुकान येऊन जातं. कोरियात २०१६-१७च्या सुमारास या केकची खरोखरच लाट आली होती. नोकरी सुटलेल्यांनी असेल नसेल तेवढे पैसे घालून दुकानं थाटली आणि लाट ओसरली तशी ती पटापट बंद पडली. कोरियन प्रेक्षकाला ‘कॅस्टेला’ हा एक शब्द पुरतो. दोघंही एकाच लाटेत बुडालेली माणसं आहेत, आणि वाचायला फळी एकच आहे. ग्यून-से तर वरच्या मालकाच्या फोटोला रोज ‘रिस्पेक्ट’ म्हणून सलाम ठोकतो, डोकं आपटून दिव्याची बटणं दाबतो. त्याचा राग मालकावर नाहीच, शेजारच्या किम कुटुंबावर आहे. बहिणीला विचारा, सगळा दोष वरच्या मजल्यावर टाकला तर हे कुठे ठेवायचं?

बाबांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो विचारणाऱ्यांना चर्चेत उगाच झोडपलं जातं. पार्क कुटुंबाने बेकायदा काहीच केलेलं नाही, हे खरं. बाँग यांनी ते मुद्दाम गोड ठेवले. आपल्याकडच्या कित्येक सिनेमांतला मिशांना पीळ देणारा सावकार इथे ठेवला असता तर प्रेक्षक दहा मिनिटांत मोकळे झाले असते. इथे चुंग-सूक म्हणते, श्रीमंत असूनही चांगली कुठली, श्रीमंत आहे म्हणून चांगली आहे. पैसा इस्त्रीसारखा असतो, सगळ्या चुण्या घालवतो. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाचं लिखाण आहे हे. बाँग यांचं शिक्षण योनसेई विद्यापीठात त्याच विषयात झालं. विद्यार्थी असताना ते एका श्रीमंत घरात मुलाला गणित शिकवायला जात. त्या घरी आधीपासून इंग्रजी शिकवणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीने, म्हणजे आताच्या पत्नीने, त्यांची शिफारस केली होती. दोनेक महिन्यांत त्यांना काढून टाकलं गेलं. म्हणजे शिफारशीने माणूस कसा आत येतो आणि एक दिवस न बोलता कसा बाहेर होतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

बाबांना ड्रायव्हर यूनबद्दल विचारा. आठवतो का बघा, बहुतेकांना आठवत नाही. की-जंगला घरी सोडायला आलेला तरुण, सरळ मुलगा. की-जंग गाडीत आपली चड्डी काढून ठेवते. पार्क साहेबांना ती सापडते. ते काय करतात? आरडाओरडा नाही, पोलीस नाही. ते ठरवतात की त्याला कारणच सांगायचं नाही, शांतपणे काढून टाकायचं. किती सभ्य! मून-ग्वांगचंही तेच. खरं कारण न सांगता, दुसरीच सबब पुढे करून निरोप. यूनला एकदा विचारलं असतं, ‘अरे, हे काय?’ मून-ग्वांगला एकदा डॉक्टरकडे नेलं असतं. दोन्ही डाव तिथेच कोसळले असते. किम कुटुंबाला एवढी हिंमत होते ती एका खात्रीमुळे: या घरात कामाच्या माणसाला त्याची बाजू विचारली जात नाही. पार्क कुटुंबाची चूक मला इथे दिसते, आणि ती बाबांनाही दिसेल असं वाटतं, कारण आपल्याकडची पद्धत निराळी नाही. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांत कामाच्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन अशाच ओळखीपाळखीने लागतात आणि अशाच कुजबुजीने सुटतात. ‘तिच्याबद्दल जरा ऐकलं’ एवढं पुरतं.

बरं, किम मंडळींना तरी यूनची आठवण राहते का? मालक सहलीला गेलेले, हे चौघं त्यांच्या दिवाणखान्यात दारू पीत बसलेले, तेव्हा बाप की-तेक म्हणतो, त्या यूनला दुसरी नोकरी लागली असेल ना? की-जंग त्याच्यावर ओरडते: आपली काळजी करा, आपली! आणि बाहेर वीज कडाडते. काही सेकंदांचा प्रसंग. त्यानंतर थोड्याच वेळात घंटा वाजते.

पावसाचंही पाहा. डोंगरावरच्या घरातून बाप आणि दोन्ही पोरं पळत सुटतात ती पायऱ्या उतरत, बोगद्यातून, पुन्हा पायऱ्या, पाणी त्यांच्याबरोबर खाली धावतंय. घर छातीइतक्या पाण्यात. रात्र व्यायामशाळेच्या फरशीवर. सकाळी तिथे दान आलेल्या कपड्यांच्या ढिगातून लोक मापाचं काही शोधताहेत, आणि लगेच पुढच्या दृश्यात पार्क यांची बायको येऑन-ग्यो आपल्या कपड्यांच्या खोलीत समारंभाला काय घालावं ते निवडते आहे. थोड्या वेळाने गाडीत ती फोनवर म्हणते, पाऊस पडला ते बरंच झालं, हवा किती स्वच्छ झाली. ती खोटं बोलत नाही, तिच्या घरावर तो तसाच पडला होता. मुलाचा खेळण्यातला तंबू अमेरिकेहून मागवलेला, तोही गळला नाही.

किम कुटुंब राहतं तसली, अर्धी जमिनीखाली असलेली ही अर्धतळघरं सिनेमासाठी रचलेली कल्पना नाही. कोरियनमध्ये त्यांना ‘बांजीहा’ म्हणतात. उत्तर कोरियाच्या हल्ल्याची भीती होती म्हणून १९७०च्या कायद्याने इमारतींना आसऱ्यासाठी तळघर सक्तीचं केलं. ती राहायला भाड्याने द्यायची नव्हती. १९८०च्या दशकात सोलमध्ये घरांची टंचाई इतकी झाली की ती मोकळीक दिली गेली. २०२०च्या सुमारास एकट्या सोलमध्ये अशी सुमारे दोन लाख घरं होती. ऑगस्ट २०२२च्या पावसात ग्वानाक भागातल्या अशाच एका घरात दोन बहिणी आणि एकीची तेरा वर्षांची मुलगी बुडून गेल्या. पाण्याच्या दाबाने दार उघडलं नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-योल दुसऱ्या दिवशी तिथे गेले. त्यांचं छायाचित्र सगळीकडे छापून आलं: रस्त्यावर उकिडवं बसून खिडकीतून खाली डोकावताना. आता ‘पॅरासाइट’ची पहिली चौकट आठवा. तीच खिडकी, पण कॅमेरा आत बसून वर बघतो. मी हे छायाचित्र आणि ती चौकट शेजारी शेजारी ठेवून दाखवते तेव्हा वर्गभेदाचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

बाहेरून डोकावण्याचा आणखी एक प्रकार घडला. मे २०१९मध्ये कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार आणि ९ फेब्रुवारी २०२०ला चार ऑस्कर मिळाल्यावर, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही, जो इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या सिनेमाला त्याआधी कधीच मिळाला नव्हता, सोलमध्ये सिनेमातलं किराणा दुकान, पायऱ्या, पिझ्झ्याचं दुकान पाहण्यासाठी पर्यटकांची रांग लागली आणि पर्यटनवाल्यांनीही त्या जागांची जाहिरात केली. तिथे राहणाऱ्यांना आपली गल्ली ‘गरीब’ म्हणून दाखवली जाते याचा त्रास झाला, त्यांनी तो बोलून दाखवला. धारावीत फेऱ्या निघतात हे आपण जाणतोच. सिनेमा पाहून डोळे ओले झालेला माणूसच दुसऱ्या दिवशी तिथे सेल्फी काढत असतो, आणि त्याला आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही. ही प्रतिक्रिया मला तुमच्या किळसेपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

आता आईचा प्रश्न. वासावरून कुणी माणूस मारतं का?

आईंना सांगा, वास मोजत पुन्हा बघा. सुरुवात होते पार्क यांच्या छोट्या दा-साँगपासून. तो हुंगून म्हणतो की ड्रायव्हर आणि मोलकरीण, म्हणजे आता की-तेक आणि चुंग-सूक, दोघांना सारखाच वास येतो. किम कुटुंब घाबरून ठरवतं, वेगवेगळे साबण वापरू. की-जंग म्हणते, साबणाने जाणार नाही, हा अर्धतळघराचा वास आहे, इथून निघालो तरच जाईल. मग त्या रात्री टेबलाखाली बाप आणि मुलं श्वास रोखून पडलेली, आणि वर सोफ्यावर पार्क साहेब बायकोला सांगताहेत की हा माणूस मर्यादा ओलांडत नाही, पण त्याचा वास ओलांडतो. भुयारी रेल्वेने जाणाऱ्यांना येतो तसा. मुलं ऐकताहेत की आपल्या बापाबद्दल काय बोललं जातंय. बाप ऐकतोय की मुलं ऐकताहेत. पुराची रात्र काढून दुसऱ्या दिवशी तोच बाप गाडी चालवतोय, मागे येऑन-ग्यो नाकाला हात लावून काच खाली करते. की-तेकचं काम करणाऱ्या साँग कांग-हो यांनी त्या क्षणी चेहऱ्यावर जवळजवळ काहीच केलेलं नाही. मोठा नट आहे.

मग बागेतला तो समारंभ. की-जंग भोसकली गेली आहे, बाप तिची जखम दाबून बसला आहे, आणि पार्क साहेब गाडीची किल्ली मागताहेत कारण त्यांच्या मुलाला झटका आला आहे. किल्ली ग्यून-सेच्या अंगाखाली. ती ओढून काढताना ते नाक दाबतात. नीट बघा: नाक दाबलं ते की-तेकच्या वासाने नाही, ग्यून-सेच्या. आदल्या रात्री त्या माणसाला की-तेकनेच तळघरात बांधून ठेवलं होतं, आणि त्याच माणसाने आता त्याच्या मुलीला भोसकलं आहे. तरीही नाक दाबलेलं पाहून की-तेकला कळतं की वरून बघणाऱ्याला आम्ही दोघं एकच. आदल्या रात्री हे कळलं असतं तर चार माणसांचे जीव वाचले असते. कळलं ते सुरी हातात आल्यावर. सिनेमा त्या खुनाला शाबासकी देत नाही, त्याची शिक्षाही की-तेक स्वतःच स्वतःला देतो, त्याच तळघरात जाऊन. आईंना तो पटू नये हेच योग्य आहे. फक्त ‘एका वासावरून’ असं त्यांनी म्हणू नये एवढीच माझी विनंती आहे.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण मराठी प्रेक्षकांसमोर ती दर वेळी खोलीत असते आणि सहसा कुणी उच्चारत नाही. कोरियात वास येतो तो पैशाचा, राहत्या घराचा. आपल्याकडे वास, स्पर्श, वेगळा कप, वेगळी लिफ्ट यामागे जातही असते. शिक्षिकांच्या शिबिरात एक तरुण बाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘कोरियन माणूस साबण बदलून बघतो तरी. आमच्या आजीला तोही उपाय नव्हता.’ त्यानंतर खूप वेळ कुणी बोललं नाही. म्हणून आपल्याकडे या सिनेमाला ‘श्रीमंत-गरीब’ एवढंच नाव दिलं जातं तेव्हा मी अडवते. आपल्या प्रतिक्रियांमध्ये दुसरंही काही मिसळलेलं असतं आणि ते बाजूला काढून पाहावं लागतं.

आमच्या हॉलची साफसफाई बघणाऱ्या मावशी एकदा दाराशी स्टुलावर बसून पूर्ण सिनेमा पाहत होत्या. सबटायटल वाचत नव्हत्या, मी अधूनमधून सांगत होते. सहलीहून अचानक परत येताना मालकीण फोन करते, आठ मिनिटांत पोचतो, नूडल्स करून ठेव, वरून चांगलं गोमांस घाल. आणि इथे घरभर बाटल्या, फुटक्या काचा, दोन माणसं बांधायची बाकी. प्रेक्षक श्वास रोखून मधेमधे हसत होते. मावशी नाही हसल्या. नंतर मी विचारलं. म्हणाल्या, ‘नूडल्स होतात हो आठ मिनिटांत. पण फरशी? सांडलेल्या दारूचा चिकटपणा दोन पाण्याने जात नाही. तिनं टेबलाखाली लोटलं ना, मीपण तेच केलं असतं.’ त्यांना रहस्य, थरार, प्रतीकं यातलं काही महत्त्वाचं वाटलं नाही. त्या पूर्ण वेळ कामाचा हिशोब करत होत्या. मी चित्रपट रसास्वादाचं पुण्याचं शिबिर केलं आहे, पुष्कळ वाचलं आहे, पण त्या दृश्यात घड्याळ किती खरं लावलंय हे मला त्यांच्यामुळे कळलं.

सिनेमा कुणाच्या बाजूचा, हे तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: तो खालून बघणाऱ्याच्या बाजूचा आहे, पण खालचा माणूस चांगलाच असतो असं मानायला तयार नाही. त्याला आपली बाजू मांडायची संधी हवी, मग तो चांगला असो वा नसो. शेवटही याच इमानाने केला आहे. की-वू बापाला पत्र लिहितो, मी खूप पैसे मिळवीन, ते घर विकत घेईन, तुम्ही फक्त पायऱ्या चढून वर या. पडद्यावर ते घडतंसुद्धा, ऊन, बाग, मिठी. बरेच प्रेक्षक इथे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि कॅमेरा पुन्हा त्या मोज्यांपासून खाली उतरतो, बाहेर बर्फ पडतोय, की-वू तिथेच बसला आहे. त्याच्यासारख्याच्या पगारात ते घर घ्यायला पाचशेहून जास्त वर्षं लागतील, असा हिशोब बाँग यांनी केला होता. श्रेयनामावलीवर वाजणारं गाणं त्यांनीच लिहिलं आहे आणि की-वूचं काम करणाऱ्या चोई वू-शिकने गायलं आहे. ते गाणं संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका.

पुन्हा बघाल तेव्हा यूनला काढण्याचा प्रसंग आला की जरा थांबवा आणि बाबांना विचारा, त्याला एकदा विचारायला हवं होतं का. आमच्याकडे निवृत्त बँकवाल्यांच्या गटात मी हाच प्रश्न टाकला होता. ‘पार्क कुटुंबाची चूक काय’ असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारे एक काका होते. बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी पेपर टाकणाऱ्या एका मुलाला बंद केलं होतं, वीस वर्षं झाली. ‘पोराला विचारलंच नाही मी,’ एवढं बोलून ते खाली बसले. तुमचे बाबा काय म्हणतात ते मला जरूर कळवा.